चंद्रानं मला घाटाखाली उतरवलं

मर्चंट नेव्हीतल्या मामाचा सेक्स्टंट, म्हणजे आकाशातले कोन मोजायचं यंत्र, आता माझ्याकडं आहे. काल चंद्रावरून घराचा रेखांश काढायला गच्चीवर त्यातनं चंद्राची कड मघा ताऱ्याला टेकवत, दोघांमधला कोन मोजत बसलो. कोल्हापुरात समुद्राचं क्षितिज कुठलं? म्हणून त्यांची उंची मोजायला परातीत शेंगतेल ओतलं, त्यातलं प्रतिबिंब धरलं, दुप्पट आलेला कोन निम्मा केला. आई म्हणाली, "तेल काय फुकट येतंय व्हय रं?"

चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. तोच घड्याळाचा काटा. १७६७ पासूनच्या नॉटिकल अल्मनॅक या समुद्री पंचांगातल्या कोष्टकांवरून खलाशी त्यातनं ग्रिनिचची वेळ काढायचे, आणि आपल्या जागच्या वेळेशी तिचा फरक पाहून रेखांश. लंबन (बघायच्या जागेमुळं चंद्र सरकलेला दिसणं), वक्रीभवन (हवेत प्रकाश वाकणं) यांची आकडेमोड मात्र डोकं उठवते. आणि कोनात एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की रेखांश अर्धा अंश हुकतो. माझं उत्तर ७३° ४४′ आलं, घर ७४° १४′ वर. म्हणजे मी पश्चिमेला घाटमाथ्यावरचा गगनबावडा ओलांडून पार घाटाखाली!