वाडीतलं ऊन

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनची एक सुपारीची वाडी आडवी झाली होती. ती ‘आधी होती तशी’ जलरंगात काढून द्यायचं काम आलं. वाडी एका आजींची, काम सांगणारा त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने पाठवलेले फोटो बहुतेक मुंजीतले, पुढे माणसं आणि मागे पोफळी. कोकण म्हणजे माड, होडी आणि मावळता सूर्य एवढंच काढून विकणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मला तसलं करायचं नव्हतं, म्हणून थेट वाडीतच जाऊन बसलो.

जुन्या पोफळी मोजक्याच उरल्या होत्या. पोफळीला पश्चिमेचं ऊन लागलं की खोड भाजतं. उरलेल्यांच्या त्या अंगाला तपकिरी चट्टे पडले होते. नवी रोपं केळींच्या आडोशाला.

समुद्राकाठी पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही. तो वाळल्यावर फोटो बघून खोडं घेतली. लांब, बारीक केसांचा रिगर ब्रश, मुळापासून शेंड्यापर्यंत एकच फटकारा, श्वास रोखून. दोन खोडांतलं अंतर कुठेही सारखं येऊ दिलं नाही. मध्ये कागद कोरा सोडून जमिनीवर कवडसे ठेवले. खुशीत मुलाला फोटोही धाडला. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवू नये, हे मीच विद्यार्थ्यांना सांगतो.

दुपारी आजी आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “पोफळी बरोबर. पाटही बरोबर. पण एवढं ऊन कुठलं हो? आमच्या वाडीत भर बाराला पाय गार असायचे.”

झाडं फोटोतली घेतली होती आणि ऊन आजचं, उघड्या पडलेल्या वाडीतलं! वीस वर्षं लँडस्केप करतोय आणि हे एका आजींनी दाखवावं.

अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी एकत्र करून पातळ थर दिला. कवडसे विझले. वाळल्यावर दुसरा. तिसरा दिला असता तर खालचा रंग उठून चिखल झाला असता. विहिरीच्या काठावरचा बोटभर पांढरा तेवढा राहू दिला. आजी काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून चित्रासमोर बसल्या.

नवा फोटो बघून मुलाचा फोन आला: “फार डार्क झालंय हो. सोफ्याच्या मागे उठणार नाही. सकाळच्या फोटोसारखं करा ना.” जलरंगात मागे जाता येत नाही, हे त्याला पटेना. घरी येऊन फोटोवरून दुसरं, उजळ काढून दिलं. पैसे पूर्ण घेतले.

काळोखं चित्र माझ्याकडेच होतं. काचेत न बसवता श्रीवर्धनला पाठवलं तर एका पावसाळ्यात बुरशी धरेल. काल फ्रेमवाल्याकडे टाकून आलोय. मुलाला सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही.