पॉवर सायकल मारायच्या आधी

आमच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडून मोठी गणितं करणाऱ्या सर्व्हरच्या समूहात, ६४ नोड म्हणजे सर्व्हर आहेत आणि रात्री साडेअकराला फोन वाजला की बहुतेक वेळा वाक्य एकच असतं, "नोड हँग झालाय, बघ ना जरा." मी घरी, मशीन गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे त्या वेळी वॉचमनकाकांशिवाय कोणी नाही. मग जे काही करायचं ते इथूनच, कमांड पाठवून.

रोजच्या कामाला एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, पुरतं. एक एक नोडवर लॉगिन करत बसणं शक्यच नाही म्हणून मी पीडीएसएच वापरतो, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये तयार झालेलं टूल आहे, नोडची रेंज चौकटी कंसात द्यायची आणि कमांड लिहायची, ते एका वेळी ३२ नोडशी बोलतं आणि बाकीच्यांना रांगेत ठेवतं. आउटपुट मात्र कधीच नुसतं वाचायचं नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या डीएसएचबॅकमधून -c देऊन काढायचं, म्हणजे सारखी उत्तरं एकत्र होतात. ६३ नोडचं उत्तर एक आणि एकाचं वेगळं दिसलं की झालं, त्या रात्रीचा पेशंट सापडला.

पण हे सगळं नोडची ऑपरेटिंग सिस्टीम शुद्धीवर असेल तरच. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरची सामायिक डिस्क अडकली किंवा मेमरी पार भरली की पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या साध्या हाकेला, उत्तर येतं पण लॉगिन काही येत नाही, नुसतं बसून राहायचं. तेव्हा दुसरा दरवाजा, बीएमसी. मदरबोर्डवरच बसवलेला छोटासा वेगळा कॉम्प्युटर असतो हा, त्याचा प्रोसेसर वेगळा, आयपी वेगळा, आणि सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये करंट आहे तोवर तो जागा. त्याच्याशी बोलायची भाषा आयपीएमआय, १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी आणली, २.० आवृत्ती २००४ ची. आता त्याच कामाचं नवं स्टँडर्ड रेडफिश आलंय, ते वेबसारखं एचटीटीपीएसवर जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये माहिती पाठवतं आणि खूपच स्वच्छ आहे, पण आमच्या जुन्या नोडना अजून आयपीएमआयटूलच लागतं.

हात पटकन पॉवर सायकलकडे, म्हणजे वीज तोडून परत चालू करण्याकडे जातो, तो आवरायचा. आधी एसईएल म्हणजे बीएमसीचा इव्हेंट लॉग बघायचा, मेमरीतल्या चुका म्हणजे ईसीसी एरर, पॉवर सप्लाय, तापमान, काय ते तिथे लिहिलेलं असतं. मग सिरियल ओव्हर लॅनने कन्सोल, म्हणजे नोडचा मजकुराचा स्क्रीन, बीएमसीमार्फत इथे उघडायचा, कर्नल पॅनिक झाला असेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाच कोसळला असेल, तर शेवटच्या ओळी कधी कधी तिथेच अडकलेल्या दिसतात आणि रीबूट केला की त्या गेल्या. (कन्सोलमधून बाहेर यायला टिल्ड आणि डॉट, पण तुम्ही एसएसएचमधून गेला असाल तर टिल्ड दोनदा मारा, नाहीतर तुमचं एसएसएचच तुटेल.) आणि एक गोष्ट नवीन मुलांना मी परत परत सांगतो, 'पॉवर सॉफ्ट' (नीट आवरून बंद हो) पाठवलं आणि कमांड व्यवस्थित परत आली म्हणजे नोड बंद झाला असं नाही, बीएमसीने निरोप घेतला एवढंच, पुढे ऑपरेटिंग सिस्टीमने ऐकलं तर. गोठलेला कर्नल ऐकत नाही. म्हणून थोड्या वेळाने परत स्टेटस विचारायचं.

हे सगळं मला माहीत होतं तरी एकदा माझ्याकडून मोठी चूक झाली. १७ आणि १८ नंबरच्या नोडचे मदरबोर्ड एकाच आठवड्यात बदलले होते, नवीन बीएमसीचे मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डांचे नंबर, कोणाला कुठला आयपी द्यायचा ते ठरवणाऱ्या डीएचसीपीच्या फाइलमध्ये मीच भरले आणि ते उलटे पडले. दोन्ही नोड चालू, दोघांचं स्टेटस 'ऑन', कुठे काही खटकायचं कारणच नाही. काही दिवसांनी १७ हँग झाला, मी १७ च्या बीएमसीला पॉवर सायकल पाठवली आणि बंद पडला १८. त्यावर पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा जॉब, म्हणजे गणिताचा प्रोग्राम, सहा दिवस चालला होता, शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे जिथून परत सुरू करता येईल अशी साठवलेली प्रत, दोन दिवस आधीचा. सकाळी मी तिला स्वतः जाऊन सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सर, शुक्रवारी गाइडला रिझल्ट दाखवायचे होते." मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तेव्हापासून मी एक तपासणी ठेवली आहे. नोडला आतून विचारता येतं की तुझ्या बीएमसीचा आयपी काय, आयपीएमआयटूलची 'लॅन प्रिंट' कमांड रूट म्हणजे ॲडमिन म्हणून त्याच नोडवर चालवायची. ती पीडीएसएचने सगळ्यांवर पाठवतो आणि आलेली यादी माझ्या फाइलशी ताडून बघतो, बोर्ड किंवा केबल बदलली की त्याच दिवशी, नाहीतर महिन्यातून एकदा. नोड हँग झाल्यावर आतून विचारता येत नाही म्हणून हे आधीच करून ठेवायला लागतं. तरीही शंका असेल तर 'चॅसी आयडेंटिफाय' पाठवतो, त्या सर्व्हरचा दिवा पंधरा सेकंद लुकलुकतो, वेळ वाढवून मागितली तर जास्त. काकांना रॅकचा फोटो दाखवून ठेवलाय, ते फोनवर सांगतात कुठला लागला ते.

पासवर्डबद्दलही सांगतो. तो कमांडमध्ये लिहू नका, प्रोसेस लिस्टमध्ये दिसू शकतो, एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. आणि बीएमसीचं नेटवर्क वेगळंच ठेवा, कारण आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं गुंतागुंतीचं रूप ज्यावरून पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करता येतो, समोरच्याला मिळतो, ही खोट स्टँडर्डमध्येच आहे, फर्मवेअर अपडेटने जात नाही.

गेल्या महिन्यातल्या तपासणीत ४१ आणि ४२ उलटे सापडले. दोन्हीवर जॉब चालू होते. फाइल दुरुस्त केली, दोन्ही बीएमसी कोल्ड रिसेट केले, म्हणजे नोडला हात न लावता फक्त ते छोटे कॉम्प्युटर रीबूट केले, नवीन आयपी घेऊन परत आले, आणि जॉबना काही कळलंही नाही.