लिफ्टमधलं ‘ओला’

आमच्या बिल्डिंगमध्ये गेले तीन महिने मी ‘चौथ्या मजल्यावरची शिष्ट बाई’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि हे मला परवा कळलं.

झालं असं की माद्रिदला आल्यापासून मी लिफ्टमध्ये पुण्यात वागायचे तशीच वागत होते, म्हणजे आत शिरायचं, मजल्याचे आकडे बघत उभं राहायचं आणि उतरायचं. इथे ते चालत नाही. शिरताना ‘ओला’ म्हणजे हॅलो (स्पेलिंगमधला एच मुका, त्यामुळे आपला ओला-सुका मधलाच ओला) नाहीतर ‘बुएनोस दीआस’, म्हणजे शुभ सकाळ, आणि उतरताना ‘आस्ता लुएगो’, म्हणजे भेटू नंतर, मग तो माणूस जन्मात परत भेटणार नसला तरी! दवाखान्यात तर आत येणारा अख्ख्या वेटिंग रूमला मिळून एक बुएनोस दीआस म्हणतो आणि बसलेले सगळे उत्तर देतात. मी आपली मोबाईलमध्ये.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला दारातच धरलं आणि घोटून घेतलं. साडेबाराला मी ऐटीत ‘बुएनास तार्देस’, म्हणजे शुभ दुपार, म्हटलं तर म्हणाल्या, अगं जेवलीस कुठे अजून? इथे दोन-अडीचला जेवतात, तोवर सकाळच. आणि ‘बुएनास नोचेस’, म्हणजे शुभ रात्री, निरोपालाच नाही, रात्री कोणी भेटलं तरी म्हणतात. मी त्यांना आदराने ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही म्हणत होते तर त्या वैतागल्या, ‘तू’ म्हण म्हणे. स्पॅनिशमध्येही तूला तूच! पण आपण घरच्या आजीला अगं-तुगं करतो तरी शेजारच्या आजींना कसं करायचं, जीभच वळेना.

उच्चारांचं मात्र कौतुक झालं हं, त आणि द आपल्या तोंडात तयारच असतात. फक्त नावाची वाट लागली. ‘मे यामो जान्हवी’, म्हणजे माझं नाव जान्हवी, म्हटलं की ठीक, पण कागदावर जेचा ख, एच गायब, व्हीचा ब, त्यामुळे पार्सलवाल्यासाठी मी खानाबी. भेटून आनंद झाला याला बाईने ‘एन्कान्तादा’ म्हणायचं आणि पुरुषाने ‘एन्कान्तादो’, तर नवरा महिनाभर माझं ऐकून सगळीकडे एन्कान्तादा म्हणत हिंडत होता. ‘आनंदले’ आणि ‘आनंदलो’ यात फरक करणाऱ्या मराठी माणसाने हे करावं!

आणि शिष्ट वगैरे म्हणताय, तर आमच्या पुण्याच्या लिफ्टमध्ये कोणी कोणाला ओला म्हणत नसेल, पण मी राहायला गेले त्याच दिवशी समोरच्या काकूंनी, नावसुद्धा न विचारता, पोळीभाजीचा डबा दिला होता. इथे तीन महिन्यांत रोज आस्ता लुएगो, पण घरात ये असं कोणी म्हटलेलं नाही.

यावर नवरा म्हणतो, तू तरी कुठे बोलावलंस कोणाला. शनिवारी शिरा करणार आहे, आजींना गोड चालतं का ते स्पॅनिशमध्ये कसं विचारायचं तेवढं शिकायचंय.