कॅज्युअल्टी नेमकी कुणाची?

आमच्या मराठवाड्यात फवारणीचे दिवस आले की कॅज्युअल्टीत (सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात) ‘औषध पिलेले’ पेशंट यायला लागतात. जीपमध्ये आडवं टाकून आणतात, तोंडाला फेस, कपड्यांना तो उग्र वास, मागं अर्धं गाव. आणि समोर कोण, तर बऱ्याचदा नवीकोरी इंटर्न पोरं, मेडिसिनला कॉल द्या, सर्जरीला कॉल द्या, तोवर सलाईन लावा. ड्युट्या सगळ्यांच्या, डिपार्टमेंट कुणाचंच नाही.

अमेरिकेत पण असंच होतं बरं का. १९६१ ला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला जेम्स मिल्स नावाच्या डॉक्टरनं चांगली चालती प्रॅक्टिस सोडली, अजून तिघं जोडीला घेतले आणि फक्त इमर्जन्सीच चोवीस तास सांभाळायची असं ठरवलं, मग १९७० ला सिनसिनाटीत याची पहिली रेसिडेन्सी (आपल्या एमडीसारखं शिक्षण) निघाली, १९७९ ला ‘इमर्जन्सी मेडिसिन’ला वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्यता. आपल्याकडं एमसीआयनं (तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं) मान्यता दिली २००९ ला. म्हणजे किल्लारीचा भूकंप (१९९३) होऊन सोळा वर्षं झाल्यावर!

आता कुणी म्हणेल यात वेगळं एमडी कशाला. ओपी पॉयझनिंगचंच (ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या औषधाची विषबाधा) घ्या. अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण दर पाच मिनिटाला छातीला स्टेथो लावायचा, घरघर तशीच असेल तर आधीच्या डबल डोस, परत पाच मिनिटं, परत स्टेथो, छाती कोरडी होईस्तोवर खाटेपासून हलायचं नाही. डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून खूश होऊन थांबलात तर फुफ्फुसातलं पाणी तसंच असतं. हे वाचून येत नाही, कुणीतरी सिनियर शेजारी उभं राहून शिकवावं लागतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या खाटेवर ट्रॅक्टरखाली आलेला पेशंट असतो.

गंमत म्हणजे तो सिनियर मिळाला तरी नातेवाईक विचारतात, “मोठे डॉक्टर कवा येणारेत?” अहो, हेच ते मोठे डॉक्टर!

२०१४ पासून १०८ आली, अँब्युलन्समध्ये डॉक्टर आला, हे चांगलंच झालं. पण १०८ नं आणून सोडलेला पेशंट दारात घ्यायला माणूस पाहिजे ना. हे एमडी करून पोरं पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेटला जायलेत, त्यांना तरी काय बोलणार, तिकडं पगार, मशिनी, टीम सगळं आहे. इकडं जिल्ह्याच्या ठिकाणी निदान नाईटला एक कन्सल्टंट कॅज्युअल्टीतच बसेल, घरी फोनवर नाही, एवढी पोस्ट तरी भरा.