पिठल्याची चिप : मांजराला घेऊन सातारा ते पुणे

मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिचा बोका, पिठल्या, आमच्या गळ्यात पडला. आता त्याला तिकडे पाठवायचं ठरलंय आणि त्यासाठी मांजराच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची बारीक चिप बसवावी लागते, म्हणून ही चिपची वारी. आमच्या साताऱ्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चिप नव्हती आणि ती वाचायचं यंत्रही नव्हतं. तेच म्हणाले, "पुण्याला जा, काकू. आणि जायच्या आधी फोन करा."

फोनवर काय विचारायचं ते लिहून घ्या. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांची, १५ आकडी आहे का? स्कॅनर दवाखान्यातच आहे का? चिप बसवल्याचं प्रमाणपत्र तारखेसकट मिळेल का? एका दवाखान्यातून उत्तर आलं, "चिप म्हणजे चिप हो, सगळ्या सारख्याच." तिथे जायचा विचार तिथल्या तिथे सोडला. युरोपात या प्रमाणाबाहेरची चिप घेऊन गेलात, तर ती वाचणारं यंत्रही तुम्हीच बरोबर न्यायचं असतं. दरही तेव्हाच विचारा, दवाखान्यागणिक बदलतो.

पिंजरा वरून उघडणारा घ्या. पुढच्या दारातून मांजर ओढून काढणं म्हणजे हातावर नक्षी काढून घेणं. आम्ही तो आधीपासूनच हॉलमध्ये उघडा ठेवला होता, आत मुलीची जुनी ओढणी. पिठल्या दुपारी त्यातच झोपायला लागला, त्यामुळे निघताना पकडापकडी झाली नाही. सकाळचं खाणं बंद ठेवलं, पाणी चालू. शेजारणीने "अर्धी क्रोसिन द्या, गप झोपेल" असा सल्ला दिला होता. असलं काही कधीही करू नका, क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं.

भाचा गाडी चालवायला होता. वाढे फाट्यापासून पिठल्याने जो सूर लावला तो आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत. खंबाटकीचा बोगदा संपला की पुढची वळणं आली, तिथे त्याने उलटी केली. रिकाम्या पोटी असल्यामुळे नुसता फेस, तोही खाली घातलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर. जास्तीची वर्तमानपत्रं आणि एक पिशवी हाताशी ठेवा. शिरवळला चहाला थांबलो. पशुवैद्यकीय महाविद्यालय याच गावात आहे, वाटेत मांजराचं काही बिनसलं तर हे लक्षात असू द्या. गाडीची दारं उघडी असताना पिंजऱ्याची कडी मात्र काढू नका, कितीही दया आली तरी. महामार्गावर सुटलेलं मांजर परत हाती लागत नाही. पुढे नवले पुलाजवळ नेहमीप्रमाणे अडकलो, त्यामुळे वेळ घेताना तासभर हातचा राखा.

दवाखान्यात एक लॅब्रेडॉर जमिनीवर पसरला होता. पिंजरा खाली न ठेवता मांडीवर घेतला, वरून टॉवेल टाकला. डॉक्टर तरुण मुलगी होती, हात अगदी शांत. तिने आधी रिकामा स्कॅनर पिठल्याच्या मानेवरून, खांद्यांवरून, पुढच्या पायांवरून फिरवला. आधीची चिप नाही ना, ते बघायला. मग पाकिटातलीच चिप वाचली आणि पडद्यावरचा क्रमांक पाकिटावरच्या स्टिकरशी जुळवला. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, पण सुई नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा चांगलीच जाड. बघून माझ्याच पोटात गोळा आला. "काकू, घट्ट दाबू नका, टॉवेलमध्ये नुसता धरा," ती म्हणाली. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली, सुई आत गेली, बाहेर आली. पिठल्या गुरगुरला, इतकंच. भूल वगैरे काही नाही. तिने पुन्हा स्कॅनर फिरवला, टुक वाजलं, आणि ती एकेक आकडा मोठ्याने वाचत गेली, मी स्टिकरवर बोट ठेवून जुळवत गेले. हे तुम्हीही करा, संकोच करू नका. पुढच्या प्रत्येक कागदावर हाच क्रमांक येतो आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला की कागद बाद. स्टिकर लसीकरणाच्या पुस्तिकेत, प्रमाणपत्रावर आणि एक घरच्या फाइलीत.

आता खरी मेख. चिप आधी, रेबीजची लस नंतर. त्याच दिवशी चालते, पण चिपच्या आधी टोचलेली लस युरोप धरतच नाही. पिठल्याला साताऱ्यात लस झालेली होती, तरी पुन्हा द्यावी लागली. पुस्तिकेत दोन्ही तारखा तिथेच बसून तपासा. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. लसीमुळे रक्तात तयार झालेल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) यायला हवं. रक्त काढल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं, मगच प्रवेश. म्हणजे चिपपासून चार महिने तरी धरा. विमानाचं तिकीट आधी काढून मग दवाखाना शोधणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. लसीची मुदत मध्ये संपू दिली नाही, तर ही रक्तचाचणी पुन्हा करावी लागत नाही. सगळ्यात शेवटी एक्यूसीएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेचं, आरोग्य प्रमाणपत्र. आमच्याकडच्यांसाठी मुंबईचं कार्यालय. ते पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलं लागतं, फार आधी काढून उपयोग नाही.

परदेशात जायचं नसेल तरी चिप बसवा असं मी म्हणेन, पण चिपमुळे मांजर मोबाइलवर दिसेल असं समजू नका. तिच्यात ना बॅटरी ना जीपीएस. फक्त क्रमांक आहे, तोही स्कॅनर जवळ आणला तरच कळतो. त्या क्रमांकापुढे तुमचं नाव-फोन कुठे नोंदवलंय, ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि फोन बदलला की तिथेही बदला. गल्लीतल्या माणसाकडे स्कॅनर नसतो, म्हणून फोन नंबर लिहिलेला, ओढ बसली की सुटणारा पट्टाही गळ्यात हवाच. इंग्लंडमध्ये असाल तर मर्जीचा प्रश्नच नाही. १० जून २०२४ पासून तिथे २० आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला चिप सक्तीची आहे, नसेल तर ५०० पौंडांपर्यंत दंड.

घरी आल्यावर टोचल्या जागी हाताला बारीक गाठ लागत होती, ती आपोआप बसली. दिवसभर तिथे चोळू नका आणि अंघोळ घालू नका. सूज वाढली किंवा पू दिसला तर मात्र डॉक्टरांना फोटो पाठवा.