‘आर्सेनलने कच खाल्ली’

इंग्लंडचा फुटबॉल क्लब आर्सेनल हरला त्या बातमीचा हा मथळा मी दिलेला आहे. सांगलीचं आमचं दैनिक, १५ मे २०२३, सोमवारचा अंक, शहर आवृत्ती, क्रीडा पान, खाली डावीकडे तीन कॉलम. त्यावरून दुपारी एका वाचकाचा फोन आला आणि तेव्हापासून ‘कच’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी त्या रात्रीचं पान सांगतो. रविवार होता. शनिवारी कर्नाटकचा निकाल लागला होता आणि मुख्यमंत्री कोण यावर बंगळुरात खल चालू होता. सांगली सीमेवरचा जिल्हा, त्यामुळे पहिलं पान शेवटपर्यंत उघडं राहणार, बाकीची पानं वेळेत छपाईला सोडा, असा निरोप संध्याकाळीच आला. आमच्या पानाचा लीड, म्हणजे मुख्य बातमी, उन्हं उतरायच्या आत ठरला होता: आयपीएलमध्ये जयपूरला बंगळूरने राजस्थानला ५९ धावांत गुंडाळलं होतं. रात्री चेन्नई-कोलकाता सामना. फुटबॉलच्या वाट्याला उरले खालचे तीन कॉलम, साधारण १८० शब्द, आणि गुणतक्त्याची एक छोटी चौकट.

परदेशातला रात्रीचा सामना संपल्यावर लिहायला घेतला तर पान कधीच वेळेत जाणार नाही. बातमी आधीच लिहून ठेवावी लागते. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आर्सेनल-ब्रायटन तिथे दुपारी साडेचारला, म्हणजे आपल्याकडे नऊला सुरू. पूर्वार्ध, पंधरा मिनिटांची विश्रांती, उत्तरार्ध आणि भरपाईची मिनिटं धरली की शेवटची शिट्टी अकराच्या आसपास. शहर आवृत्तीचं पान सव्वाअकराला सोडायचं. जत-आटपाडीकडची गाडी त्याच्या बऱ्याच आधी सुटते, त्या आवृत्तीत हा सामना येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून बातमीचे खालचे सव्वाशे शब्द मी नऊच्या आतच तयार केले. त्याच संध्याकाळी, विजेतेपदाच्या शर्यतीत आर्सेनलच्या पुढे असलेल्या मँचेस्टर सिटीने एव्हर्टनला ३-० ने हरवलं होतं. सिटीचे ३५ सामन्यांत ८५ गुण, आर्सेनलचे तेवढ्याच सामन्यांत ८१. वरचा साठ शब्दांचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, मोकळा. मथळाही एक तयार: जिंकले तर ‘आर्सेनलची झुंज कायम’. हरले तर काय, ते ठरवलं नव्हतं.

५१व्या मिनिटाला ब्रायटनच्या एन्सिसोचा गोल. ८६व्या मिनिटाला उन्दावने गोलरक्षक रॅम्सडेलच्या डोक्यावरून चेंडू आत टाकला. भरपाईच्या सहाव्या मिनिटाला एस्टुपिनान. ०-३, तेही स्वतःच्या मैदानावर. ही नावं कशी लिहायची याची नोंद आमच्याकडे कुठेच नाही. एकाच महिन्यात आमच्या पानावर आर्सेनल, अर्सेनल आणि आर्सेनाल असे तीन क्लब खेळून गेले आहेत. ज्या माणसाच्या शिफ्टला बातमी येते त्याच्या कानाला जे बरं वाटेल ते छापलं जातं. पन्नास किलोमीटरच्या आत कोल्हापूर आहे, तिथे तालमींच्या फुटबॉलवर पानंच्या पानं निघतात, लोक संघासाठी जीव टाकतात. सांगलीत मात्र फुटबॉल म्हणजे जागा उरली तर, असा हिशोब वर्षानुवर्षं चालत आला आहे. आणि हे ठरवणाऱ्यांनी वाचकाला कधी विचारलेलं नाही.

मथळ्याचं गणित असं. आठ कॉलमच्या पानात तीन कॉलम म्हणजे जेमतेम बारा सेंटिमीटर रुंदी. ‘ब्रायटनकडून आर्सेनलचा ३-० ने पराभव’ ही ओळ तिथे मोठ्या अक्षरात बसत नाही. दोन ओळी केल्या की पंचवीस-तीस शब्द कापावे लागतात. अक्षर बारीक केलं तर शेजारच्या क्रिकेटच्या मथळ्यापुढे ते मरून जातं. त्यात मराठीत वर वेलांट्या-रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. ऑपरेटरने कर्सर मथळ्यावर आणून ठेवला होता. ‘आर्सेनलने कच खाल्ली’ एका ओळीत चपखल बसलं, दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा राहिली. इंट्रोत ‘मोक्याच्या क्षणी दडपण पेलता न आल्याने’ असं लिहिलं. अकरा-तेराला पान गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवरच्या फोनवर एक तरुण आवाज आला. मिरजेहून बोलतोय म्हणाला.

“सर, आर्सेनलची बातमी तुम्ही लिहिली का?”

“हो.”

“मॅच बघितली का तुम्ही?”

बघितली नव्हती. कार्यालयातल्या टीव्हीवर चेन्नईचा सामना चालू होता. मी एजन्सीची कॉपी आणि मोबाइलवरचा स्कोअर यावर बातमी केली होती. तसं मी त्याला सांगितलं.

“मग कच खाल्ली हे तुम्हाला कसं कळलं? कच खाल्ली म्हणजे घाबरले असंच होतंय ना, सर? पोरं घाबरली न्हाईत. सलिबा न्हाई. तुम्ही तेवढं गोल मोजून बघा की.”

आवाज चढलेला नव्हता, पण घसा बसलेला होता. रात्रभर झोपला नसावा. आणखी दोन वाक्यं बोलला आणि “बघा तेवढं” म्हणून फोन ठेवला.

मी मोजलं. विल्यम सलिबा हा आर्सेनलचा मधला बचावपटू. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे पहिले २७ सामने तो सुरुवातीपासून खेळला. १६ मार्चला स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या युरोपा लीगच्या सामन्यात त्याची पाठ दुखावली आणि मोसम संपला. त्याच सामन्यात दुसरा बचावपटू तोमियासूचा गुडघाही गेला. सलिबा असतानाच्या २७ सामन्यांत आर्सेनलवर गोल झाले २५. त्यानंतरचे सामने एकेक करून कागदावर मांडले: पॅलेस १, लीड्स १, लिव्हरपूल २, वेस्ट हॅम २, साउदम्प्टन ३, सिटी ४, चेल्सी १, न्यूकॅसल ०, ब्रायटन ३. नऊ सामन्यांत १७. आधी सामन्याला एकही पुरता नाही, नंतर जवळजवळ दोन. माझ्याच गुणतक्त्याच्या चौकटीत ‘झालेले गोल’ हा रकाना होता. तो मी कित्येक महिने दर आठवड्याला भरत होतो आणि कधी वाचला नव्हता.

यामागचं कारण खेळाच्या मांडणीत आहे. आर्सेनलचा बचाव मध्यरेषेच्या जवळ सरकून उभा राहायचा, म्हणजे मधली फळी आणि बचाव यांतलं अंतर कमी राहतं, चेंडू गेला की चार-पाच जण लगेच तुटून पडतात. पण मग पाठीमागे मोठं मैदान रिकामं राहतं. तिकडे चेंडू पडला तर धावत मागे जाऊन तो गाठणारा माणूस लागतो. सलिबा तो होता. त्याच्या भरवशावर उजव्या बाजूचा बचावपटू बेन व्हाइट वर चढायचा. सलिबाच्या जागी आधी सहा सामने रॉब होल्डिंग आला. तो मन लावून खेळणारा, पण वेगाने कमी. असा माणूस मागे असला की सगळी फळीच सावधपणे दहा पावलं मागे उभी राहते, मध्ये पोकळी पडते आणि तिथे समोरचा निवांत वळतो. २६ एप्रिलला सिटीने ४-१ ने हरवलं तेव्हा पहिला गोल सातव्या मिनिटाला याच पोकळीतून झाला: सिटीच्या हालांडने होल्डिंगला पाठीवर ठेवून चेंडू धरला, डी ब्रुइनला दिला, डी ब्रुइन सरळ धावत गेला. ब्रायटनच्या वेळी होल्डिंगही नव्हता. जानेवारीत आलेला कीव्योर होता, आणि एन्सिसोने डोक्याने चेंडू आत ढकलला तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता. हा सामना मी दुसऱ्या दिवशी रात्री घरी पूर्ण बघितला. आर्सेनलचा मार्टिनेली पहिल्या वीस मिनिटांतच घोटा दुखावून बाहेर गेला, ही गोष्ट माझ्या १८० शब्दांत नव्हतीच.

तरी त्या मुलाचं सगळंच बरोबर, असंही मला म्हणता येत नाही. वेस्ट हॅमविरुद्ध २-० ने पुढे असताना एक गोल खाल्ला, मग आर्सेनलच्याच साकाने पेनल्टी बाहेर मारली आणि दोनच मिनिटांत बरोबरी झाली. पेनल्टी हुकण्याशी सलिबाचा काय संबंध? साउदम्प्टन तळाला होतं, त्यांच्याविरुद्ध पहिल्याच मिनिटात रॅम्सडेलने चेंडू थेट समोरच्याच्या पायात दिला. हे दडपणच. पण त्याच सामन्यात ८८व्या मिनिटापर्यंत १-३ ने मागे असलेल्या याच पोरांनी दोन गोल करून ३-३ केलं. कच खाल्लेला संघ असं करत नाही. इथे माझ्या मथळ्याची बाजू मला अजिबात घेता येत नाही.

आमच्या हातातले हरण्याचे सगळे शब्द आखाड्याच्या वळणाचे आहेत. चितपट केलं, आस्मान दाखवलं, धूळ चारली, कच खाल्ली. कुस्तीत ते शोभतात. हा मारुती माने आणि खाशाबा जाधवांचा मुलूख आहे, ते शब्द इथल्या वाचकाच्या हाडात आहेत. पण आखाड्यात एकच माणूस उभा असतो, हरला तर त्याचा दम, त्याची छाती, त्याचा डाव. फुटबॉलमध्ये पाठीवर उपचार घेत असलेला अकरावा माणूस सामना हरवू शकतो, आणि त्याला आमच्याकडे क्रियापदच नाही. मग जे मैदानावर होते त्यांच्या काळजावर आम्ही ठपका ठेवतो. त्या पोराला नेमकं तेच लागलं होतं. हार त्याने पचवली असती. ज्यांच्यासाठी तो रात्र रात्र जागतो, त्यांना त्याच्या गावच्या पेपराने भित्रं म्हणावं हे त्याला सहन झालं नाही.

पुढच्या शनिवारी, २० मे रोजी, आर्सेनल नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ ने हरलं. १९व्या मिनिटाला अवोनियीचा गोल, आणि न खेळताच सिटी विजेते. २४८ दिवस गुणतक्त्यात वर राहून आर्सेनल दुसरे. सामना आपल्या दहाला सुरू झाला होता, बारापर्यंत चालला, पानासाठी वेळ वाढवून मागितली आणि ती मिळाली. मथळा सरळ दिला: ‘आर्सेनल पराभूत, सिटी विजेते’. खाली दोन कॉलम चौकट केली: सलिबासह २७ सामने, २५ गोल, सलिबाविना १० सामने, १८ गोल. शेवटी मैदानाच्या मांडणीबद्दल दोन ओळी.

त्याच रात्री लखनौने कोलकात्याला एका धावेने हरवलं आणि रिंकू सिंगचा नाबाद ६७ धावांचा फोटो मोठा घ्या, असं वरून सांगण्यात आलं. फोटो दोन कॉलमने वाढला. चौकट पानावरून निघाली. नंतर आठवडाभर ती मी रोज पानाच्या कोपऱ्यात बसते का ते बघत होतो, बसली नाही, आणि मग मोसमच संपला. चौकटीची फाइल अजून माझ्या संगणकावर आहे. त्या मुलाला पाठवावी म्हटलं तर डेस्कचा तो जुना लँडलाइन, त्यावर आलेला नंबर दिसत नाही. त्याने नाव सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.