पालीच्या धबधब्यावरून परतताना: मोडलेल्या पायाचे पहिले काही तास

गोव्यातल्या वाळपईहून पालीच्या धबधब्याकडे जाणारी वाट सत्तरीच्या रानातून जाते आणि तिचा बराच भाग ओहोळाच्या पात्रातूनच चालावा लागतो. श्रावणातले पाणी गुडघ्याच्या खालीच होते, परंतु गोट्यांवर शेवाळ धरलेले असल्याने प्रत्येक पाऊल चाचपून टाकावे लागत होते. पावसाळ्यात वन खात्याचे निर्बंध वेळोवेळी बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी वाळपईतच चौकशी करून घ्यावी. धबधब्याचे वर्णन इतरत्र पुष्कळ सापडेल. हा वृत्तांत परतीच्या वाटेचा आहे, कारण त्या वाटेवर आमच्यातील एका सहकाऱ्याचा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला आणि नडगीचे हाड मोडले.

हाड मोडले आहे हे कळायला क्ष-किरण तपासणीची गरज नव्हती. नडगी मध्येच वाकलेली दिसत होती. सोबतच्या वाटाड्याने आपुलकीने सुचवले, "दादा, जरा तेल चोळून ओढून बसवूया." शस्त्रक्रिया विभागात काम केलेल्या एक परिचारिका आमच्या गटात होत्या. त्या ठामपणे म्हणाल्या, "चोळायचे नाही आणि ओढायचेही नाही. आधी बोटे बघू द्या." ताईंनी बुटाची नाडी सैल करून बूट व मोजा अलगद काढला, अंगठ्याच्या नखावर दाब देऊन सोडला आणि रंग किती वेळात परततो ते दुसऱ्या पायाशी ताडून पाहिले. साधारण दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. गार पाण्यात भिजलेल्या पायाला थोडा अधिक वेळ लागतो, म्हणूनच दोन्ही पाय पाहायचे. बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हेही त्यांनी विचारून घेतले. मग दोन काठ्यांना पंचे गुंडाळून पाय गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत बांधला. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हायला हवेत, गाठ जखमेवर येता कामा नये आणि बोटे उघडी राहिली पाहिजेत.

खाली दरीत मोबाइलला रेंज नव्हती. दोघे पुढे गावाकडे धावले आणि तिथून १०८ ला फोन केला. उरलेल्यांनी चादरीची झोळी करून त्याला आळीपाळीने उचलून आणले. पुढे जाणाऱ्यांनी वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते ती खूण नीट सांगावी, कारण 'धबधब्याजवळ' एवढ्या पत्त्यावर रुग्णवाहिकेला रानात शोधाशोध करावी लागते.

खरी कसोटी मात्र गाडीत लागली. वाळपईहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास तासाभराहून अधिक आहे. पाय घट्ट धरून ठेवलेला असताना वेदना कमी व्हायला हवी होती, उलट ती वाढत गेली. पोटरी ताणलेल्या चामड्यासारखी कडक झाली आणि पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. ताईंनी त्याचा अंगठा हलकेच खाली वळवला तेव्हा तो कळवळला. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि त्यांचे आवरण फारसे ताणत नाही. आत रक्त व सूज साचली की दाब वाढून बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह थांबतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. सुमारे सहा तास असेच गेले तर स्नायू व मज्जातंतू कायमचे निकामी होऊ शकतात. घोट्याजवळची नाडी लागते म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात, पण या विकारात ती अखेरपर्यंत लागू शकते. कोणीतरी पायाखाली पिशव्यांचा ढीग रचायला निघाला होता, त्याला ताईंनी थांबवले: अशा वेळी पाय हृदयाच्या पातळीतच ठेवायचा, कारण फार उंच केल्याने तिथला रक्तपुरवठा आणखी घटतो. बांधणी सैल केली, काठ्या मात्र तशाच ठेवल्या, आणि भुलीची शक्यता असल्याने त्याला खायला काहीही दिले नाही.

रुग्णालयात पोहोचताच मोडल्याची वेळ आणि 'बांधल्यावरही वाढणारी वेदना, बोट वळवल्यावर असह्य' एवढेच सांगितले. डॉक्टरांना सर्वात उपयोगी पडली ती हीच माहिती. त्याच रात्री आवरण कापून चारही कप्पे मोकळे केले आणि हाड बाहेरून सळ्यांनी स्थिर केले. जखम काही दिवस उघडी ठेवून नंतर बंद करावी लागते, प्रसंगी त्वचारोपणही लागते. नातेवाईक ते पाहून घाबरतात, पण पाय वाचवण्याचा मार्ग तोच असतो.

इतर दुखापतींविषयी थोडक्यात. हाडाजवळ जखम असेल तर ती उघडी मोड समजावी, स्वच्छ ओल्या कापडाने झाकावी आणि बाहेर आलेले टोक आत ढकलू नये. प्रतिजैविक जितके लवकर मिळेल तितके बरे, धनुर्वाताची लसही आठवणीने विचारावी. मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत लिटरभराहून अधिक रक्त जाऊ शकते, तेव्हा फिकट पडलेल्या, घामाघूम रुग्णाला बसवून पाणी पाजत राहू नये. कंबरेच्या हाडाला मार असल्यास खुब्यांभोवती चादर घट्ट गुंडाळावी आणि पाय पसरून पाहू नयेत. निखळलेला गुडघा परत बसला तरी मागची रोहिणी, म्हणजे पायाला रक्त पुरवणारी वाहिनी, फाटलेली असू शकते, म्हणून रुग्णालय टळत नाही. गोव्यात पर्यटकांची हाडे ओहोळापेक्षा भाड्याच्या दुचाकीवरच अधिक मोडत असावीत, असे माझे मत आहे. रस्त्यावर मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसी चौकशीच्या भीतीने पाय मागे घेऊ नये.

लांब हाड मोडल्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत दम लागणे, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा छातीवर बारीक लाल ठिपके दिसणे ही चरबीच्या कणांनी फुप्फुस व मेंदूवर परिणाम झाल्याची खूण असू शकते. पुढच्या काही आठवड्यांत पोटरी किंवा मांडी सुजून दुखू लागली, अथवा एकाएकी श्वास लागला, तर रक्ताच्या गुठळीची शंका धरावी. प्लास्टर घालून कोकण रेल्वेने घरी निघणाऱ्यांनी डॉक्टरांना प्रवासाची परवानगी आणि गुठळी रोखण्याच्या औषधाविषयी आधी विचारावे. वाटेत प्लास्टर घट्ट वाटू लागून बोटे बधिर झाली, तर घर गाठण्याची वाट न पाहता पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरून ते फोडून घ्यावे.